परस्पर होकार

वडिलांचं सगळं आटोपून यामिनी ठवरे अमरावतीहून नागपूरला परतली, त्याच दुपारी कॉलेजच्या नव्या सभागृहाचा मोठा बीम खाली आला. काँक्रीटखालच्या आधाराचं शटरिंग काढायचं काम चालू होतं. मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. खाली एकटा इर्शाद काझी होता, साइट इंजिनिअर. बीमच्या टोकाशी बारीकशी चीर दिसली म्हणून तो टॉर्च घेऊन बघायला गेला होता. तो जागीच गेला.

इर्शाद यामिनीचा कॉलेजपासूनचा मित्र. एकाच बाकावर बसून दोघांनी इंजिनिअरिंग केलं, एकाच ऑफिसची कामं केली. फोन आला तेव्हा ती बसस्टँडवरून घरी चालली होती. तिने रिक्षा तशीच साइटकडे वळवली. ती पोचली तेव्हा क्रेनने काँक्रीटचा मोठा तुकडा उचलला जात होता. त्याच्या तुटलेल्या कडेत एसीच्या डक्टसाठी सोडलेल्या भोकाची अर्धी चौकट दिसत होती, कॉलमला अगदी लागून.

"हे भोक कोणी सोडलं?" तिने ठेकेदाराच्या माणसाला विचारलं.

त्याने टॅबवर ड्रॉइंग उघडून तिच्यापुढे धरलं. संमतीच्या रकान्यात तिचंच नाव होतं.

"तुम्हीच तर हो म्हटलं ना मॅडम," तो म्हणाला.

बीम दोन कॉलमांवर आडवा पडलेला असतो. मधोमध तो वाकतो, आणि टोकांशी, कॉलमलगत, वरचा भार त्याला कात्रीसारखा कापायला बघतो. मधोमध, उंचीच्या मध्यावर एखादं भोक पाडलं तर तो ते सोसतो. कॉलमलगत पाडलं तर कात्रीचं अर्धं काम आपणच करून देतो. यामिनी स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. कॉलमलगतच्या भोकाला तिने आजवर एकदाही हो म्हटलं नव्हतं. त्यावरून ऑफिसात तिची थट्टाही व्हायची.

पण तिच्या प्रतिनिधीने हो म्हटलं होतं.

एका इमारतीची ड्रॉइंगं पाच-सहा जण काढतात. आर्किटेक्टला छत उंच हवं असतं, स्ट्रक्चरलवाल्याला बीम खोल हवा असतो, एसीवाल्याला नेमक्या त्याच जागेतून डक्ट न्यायचा असतो आणि आग विझवायच्या पाइपलाही तीच वाट सरळ पडते. पूर्वी यासाठी आठवडेच्या आठवडे बैठका चालत. एकाने रेघ हलवली की बाकीच्यांची ड्रॉइंगं शिळी होत, आणि साइटवर कोणाच्या हातात कुठलं ड्रॉइंग आहे याचा पत्ता नसे. मग 'मेळ' आला. मेळात माणसं बसत नसत, त्यांचे प्रतिनिधी बसत. तज्ज्ञाची जुनी ड्रॉइंगं, त्याने खोडलेल्या रेघा, त्याची पत्रं, बैठकांतलं बोलणं, तो कुठे अडला आणि कुठे नमला, हे सगळं संगणकाला शिकवून त्याचा प्रतिनिधी तयार करत. हे प्रतिनिधी आपसात घासाघीस करून शेकडो पेच एका दुपारीत सोडवत. माणसाने नंतर निकाल वाचायचे. कायद्याने प्रतिनिधीचा होकार तो तज्ज्ञाचा होकार धरला जाई.

वडील दवाखान्यात होते त्या दिवसांत यामिनीने निकाल वाचले नव्हते. आपला प्रतिनिधी आपल्यासारखाच अडून बसेल, हा तिचा भरवसा होता.

*

चौकशी समितीपुढे तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. प्रत्येक प्रतिनिधीत एक माप असतं, तज्ज्ञ आपल्या म्हणण्यावर किती अडून राहतो याचं. मेळ बनवणाऱ्यांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. ऑफिसांतून सगळे त्याला 'ताठा' म्हणत. हे माप स्वतः तज्ज्ञ बदलू शकतो, नाहीतर कामाचा मुख्य समन्वयक. पेच काही केल्या सुटत नसेल तर काम अडू नये म्हणून समन्वयकाला तेवढी मुभा होती, पण त्या तज्ज्ञाला कळवूनच.

"माझा ताठा कोणीतरी खाली आणला आणि होकार घेऊन पुन्हा जागेवर नेला," यामिनी म्हणाली. "मला कळवलं नाही. ती किल्ली समन्वयकाकडे असते."

मुख्य समन्वयक निरंजन पुसदकर समोरच बसले होते. शहरातले नावाजलेले आर्किटेक्ट, यामिनीचे इतक्या वर्षांचे सर. तिची पहिली नोकरी त्यांच्याकडचीच होती.

"तुमच्याकडे याचा पुरावा आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

नव्हता. ड्रॉइंगं पक्की झाली की खासगी कामांत मेळातली घासाघीस पुसली जात असे. कंपन्यांनी आपापली गुपितं जपण्यासाठी तो नियम करून घेतला होता.

"पुसदकर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

पुसदकर टेबलाकडे बघत म्हणाले, "यामिनी अतिशय चांगली इंजिनिअर आहे. तिच्यावर घरचं मोठं संकट होतं. अशा काळात माणसाचं लक्ष उडतं. समितीने सहानुभूतीने विचार करावा."

त्या सहानुभूतीने तिचा घात केला. लक्ष उडालं होतं हे सगळ्यांना पटलं, आणि तिचा परवाना पाच वर्षांसाठी गेला. बोलताना पुसदकरांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिला त्याचा अर्थ कळला. या माणसाला ठाऊक आहे.

घरी तिचा नवरा गिरीश वाट बघत होता. तो ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग हळूच विचारलं, "तुझ्याकडून चुकून हो गेलं असेल का गं? बाबांच्या त्या गडबडीत?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढे त्याने तो प्रश्न परत कधी काढलाही नाही. पण त्या दिवसापासून यामिनीने त्याला मनातलं सांगणं कमी केलं.

इर्शादच्या बायकोने तर दारच उघडलं नाही. रेहाना महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. ईदला यामिनी हक्काने तिच्या स्वयंपाकघरात शिरायची. आता रेहाना दाराआडून म्हणाली, "तू जा यामिनी. सही तुझी आहे. मला अजून काही ऐकायचं नाही."

यामिनी जिना उतरून खाली आली. उन्हात उभं राहून तिने ठरवलं की एक दिवस पुसदकरांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. त्यांचा परवाना, ऑफिस, शहरात मिरवायचं ते नाव, यातलं काहीही शिल्लक ठेवायचं नाही. आणि रेहानाला तिच्या दारात सांगायचं, तो माणूस हा.

*

परवाना नसलेल्याला ड्रॉइंगवर सही करता येत नाही, पण प्रतिनिधी घडवायला परवाना लागत नव्हता. धरमपेठेतल्या एका छोट्या कंपनीत यामिनीला ते काम मिळालं. ठेकेदार, पाइपवाले, लिफ्टवाले असे सगळे आपापले प्रतिनिधी तिथून घडवून घेत. ती त्यात इतकी वाकबगार झाली की नामांकित कंपन्या तिचं नाव घेऊन काम देऊ लागल्या.

या कामात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रतिनिधी गणित सहज शिकतो, पण त्याच्यात मुरतो तो माणसाचा स्वभाव. चिडका इंजिनिअर असेल तर त्याचा प्रतिनिधी तिसऱ्या विनंतीला फटकारतो. भिडस्त असेल तर सबबी सांगतो. मालकाला स्वतःबद्दल जे माहीत नसतं तेही त्याच्यात उतरतं.

मग पुसदकरांच्या प्रतिनिधीत काय उतरलं असेल? तिला त्यांच्या बैठका आठवायच्या. पुसदकर कधी वाद घालत नसत. जो अडून बसलाय त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसत, आईची तब्येत विचारत, तर्री-पोहे मागवत आणि मग अगदी सहज म्हणत, "बाकी सगळे तुझ्यासाठीच थांबलेत बघ." माणूस विरघळे. यामिनी त्यांच्याकडे होती तेव्हा तिला या कसबाचं फार कौतुक वाटे.

एकदा हात लावून पचलं तर तो माणूस पुन्हा हात लावणारच, आणि त्याचा प्रतिनिधीही लावणार, असं तिने मनाशी मांडलं. आपण फक्त तशी वेळ आणायची.

परवाना परत मिळायला थोडे दिवस उरले असताना वेळ चालून आली. शहरात मुलांचं मोठं सरकारी रुग्णालय उभं राहत होतं. मुख्य समन्वयक पुसदकर. स्ट्रक्चरचं काम मैथिली साखरे नावाच्या एका नव्या इंजिनिअरकडे होतं. आणि ठेकेदाराने आपला प्रतिनिधी घडवायला दिला तो यामिनीच्या कंपनीला. सरकारी कामांत एव्हाना नवा नियम लागू झाला होता: समन्वयकाकडून गेलेली प्रत्येक आज्ञा जपून ठेवायची.

यामिनीने ठेकेदाराच्या प्रतिनिधीला मागायला शिकवलं. ऑक्सिजनचे पाइप आणि एसीचा डक्ट वळवून नेण्यापेक्षा बीममधून सरळ नेले तर दिवस वाचतात. भोक कॉलमलगत मागायचं. नाही म्हटलं तर पुन्हा मागायचं, दर वेळी मुदतीची आठवण करून द्यायची, मंत्र्यांच्या हस्ते होणाऱ्या उद्घाटनाची तारीख सांगायची आणि थकायचं नाही. यात बेकायदा काही नव्हतं. ठेकेदार असंच मागत आलेत. नाही म्हणणं हे इंजिनिअरचं काम आणि मध्यस्थी हे समन्वयकाचं.

तिने हे गिरीशला सांगितलं. इतक्या दिवसांनी ती मनातलं काही बोलत होती म्हणून तोही पेपर तपासायचं सोडून ऐकत बसला.

"आणि त्या मैथिलीचं काय?" त्याने विचारलं.

"काँक्रीट ओतायच्या आधी मी थांबवणार आहे."

"आधीच का नाही थांबवत?"

"नुसत्या मसुद्यावर कोणाला शिक्षा होत नाही. ड्रॉइंग बांधकामासाठी म्हणून साइटवर गेलं पाहिजे. सळई बांधून झाली पाहिजे. मग ती कृती ठरते."

"यामिनी, ते लहान मुलांचं हॉस्पिटल आहे."

"माहीत आहे मला."

"तुला पोचायला उशीर झाला तर?"

"नाही होणार," ती म्हणाली, आणि उठून कुकर लावायला गेली.

*

मेळ बसला त्या दिवशी ती ऑफिसच्या पडद्यावर ठेकेदाराच्या बाजूने सगळं बघत होती. मैथिलीचा प्रतिनिधी नाही म्हणाला. पुन्हा मागणी गेली, पुन्हा नकार आला. मैथिलीच्या नकाराची धाटणी यामिनीला आवडली. सरळ, मोजके शब्द, सोबत आकडे. एकदा तर त्याने उत्तर दिलं, "कॉलमपासून लांब कुठेही मागा, देते. इथे नाही." यामिनीला आपल्या तरुणपणीचाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

मागण्या चालूच राहिल्या. मग क्षणभर सगळं थांबलं, आणि पडद्याच्या कडेला समन्वयकाच्या आज्ञेची एक ओळ उमटून गेली. पुढच्याच मागणीला मैथिलीचा प्रतिनिधी म्हणाला, "सर्वांच्या सोयीसाठी मान्य."

त्याच्या पाठोपाठ दुसरी आज्ञा गेली आणि ताठा जागेवर आला.

यामिनी खुर्चीत मागे रेलली. आणि एक आनंद इतका जोरात उसळला की तिला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय झालं मॅडम?" ती म्हणाली, "काही नाही गं. काम फत्ते."

मैथिलीला तेव्हाच फोन करता आला असता. यामिनीने केला नाही.

काँक्रीटचं काम सोमवारी होतं. शनिवारी सकाळी, स्लॅब ओतायच्या आधी सगळं नीट बघून ठेवावं म्हणून ती साइटवर निघाली. फाटकापाशी पोचली तर पंपाचा आवाज येत होता. पंपाचा लांब हात, बूम, वर गेला होता आणि स्लॅबच्या पलीकडच्या टोकाला काँक्रीट पडायला लागलं होतं.

"आज कसं?" तिने सुपरवायझरला विचारलं. "सोमवारी होतं ना?"

"तारीख अलीकडे आली मॅडम. आपल्या प्रतिनिधीनं काँक्रीटच्या प्लँटशी बोलून गाड्या लवकर मागवून घेतल्या. दिवस वाचवून राहिला तो."

थकायचं नाही आणि दिवस वाचवायचे, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

ती शिडीकडे धावली. साडीचा काठ सळईत अडकून फाटला. वर पोचल्यावर तिने पंपवाल्याला हात करून ओरडून सांगितलं, पण आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. शेवटी ती त्या बीमच्या पिंजऱ्यावर, सळयांवर जाऊन उभी राहिली आणि नळीचं तोंड दोन्ही हातांनी बाजूला ढकललं. काँक्रीट तिच्या पायांवर पडलं. तेव्हा कुठे पंप बंद झाला.

हेल्मेट घातलेली एक किरकोळ बांध्याची मुलगी शिव्या देतच तिच्याकडे आली. तीच मैथिली साखरे होती.

"कोण तुम्ही? मरायचंय का?"

"खाली बघ," यामिनी म्हणाली. "कॉलमपाशी."

मैथिलीने खाली पाहिलं. सळयांच्या मधोमध डक्टसाठी ठोकलेली लाकडी चौकट होती. ती गुडघ्यांवर बसली, चौकटीला हात लावला, मग टॅब काढून ड्रॉइंग बघितलं. संमतीच्या रकान्यातलं स्वतःचं नाव तिने दोनदा वाचलं.

"मी याला हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "शेकडो निकालांत हा वाचायचा राहिला असेल, पण मॅडम, शप्पथ सांगते, मी नाही म्हटलं हो."

"मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

यामिनीने तिला सगळं सांगितलं. इर्शादचं, स्वतःचं, पुसदकरांचं, आणि या मागणीचंही. मैथिली ऐकत होती.

"म्हणजे हे कधीचं माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं. "मेळ बसला तेव्हापासून?"

"हो."

"आणि माझ्या नावावर हे बांधू दिलंत."

मैथिली उठली, सुपरवायझरला काम बंद करायला सांगितलं आणि तिच्याकडे न बघता शिडी उतरून गेली. पुढे तिने साक्ष दिली, अगदी चोख दिली, पण यामिनीशी ती पुन्हा कधी बोलली नाही.

*

त्यानंतर सगळं भराभर घडलं. आज्ञा जपलेल्या होत्याच. पुसदकरांचा परवाना कायमचा गेला. त्यांनी काढलेल्या इमारती तपासायला सरकारने पथक नेमलं. ऑफिसातली माणसं एकेक करून सोडून गेली आणि दारावरची पितळी पाटी एक दिवस निघाली. यामिनी त्या रस्त्याने मुद्दाम गेली. भिंतीवर पाटीच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. तिने रिक्षा थांबवून तो डोळे भरून बघितला.

इर्शादच्या मृत्यूची केस पुन्हा उघडली. आता प्रश्न परवान्याचा नव्हता, तुरुंगाचा होता. पुसदकरांनी स्वतः जाणूनबुजून यामिनीचा ताठा उतरवला, हे सरकारी वकिलांना सिद्ध करायचं होतं. जुनं सगळं पुसलं गेलं होतं. पण प्रतिनिधी आपल्या मालकाने केलेलंच करतो, म्हणून रुग्णालयात पुसदकरांच्या प्रतिनिधीने जे केलं तेच सभागृहातल्या गुन्ह्याचं प्रतिबिंब, असा त्यांचा मुद्दा होता. हे शास्त्र कोर्टाला समजावून सांगायला तज्ज्ञ साक्षीदार हवा होता. यामिनीइतका जाणकार दुसरा कोणी नव्हता.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी पुसदकर तिच्या घरी आले. खूप वाळले होते. गिरीशने दार उघडलं, त्यांना बसवलं, चहा आणून ठेवला आणि तो आत गेला.

"मी माफी मागायला आलो नाही," पुसदकर म्हणाले. "तो हक्क मी गमावला. एक गोष्ट फक्त तुलाच कळू शकेल म्हणून आलो."

यामिनी समोरच्या खुर्चीत बसली.

"मी तुझ्या प्रतिनिधीला हात लावला नव्हता. मेळ बसला त्या दुपारी मी लेकीच्या लग्नात मांडवात उभा होतो, दोनशे माणसांनी पाहिलंय. माझ्या प्रतिनिधीने लावला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने ते आपलं आपण शोधून काढलं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"इर्शादचं दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मेळातलं थोडंफार अजून पुसायचं राहिलं होतं. त्यात दिसलं."

"मग?"

"पुसून टाकलं." त्यांनी कपाकडे पाहिलं. "एवढं मोठं ऑफिस होतं, यामिनी. मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. वाटलं, पाच वर्षांनी तुझा परवाना परत येईल, तोवर आपण तुला काही ना काही मदत करत राहू. मग तेही राहिलं."

ते खरं बोलत होते. यामिनीच्या ते ऐकता ऐकताच लक्षात आलं आणि स्वतःच्या हुशारीचा तिला राग आला. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना वाकवलं होतं. खुर्ची ओढून, पोहे मागवून, आईची चौकशी करून. त्याचा प्रतिनिधी तेच शिकला: अडलेल्या माणसाला मऊ करायचं. मेळात खुर्ची नव्हती, पोहे नव्हते. मऊ करायला एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे ताठ्याचं माप. स्वभाव मालकाचा, पण युक्ती यंत्राची. इतके प्रतिनिधी घडवूनही हे तिला सुचलं नव्हतं, कारण तिला ते सुचायला नको होतं.

"परवाना गेला, ऑफिस गेलं, ते बरोबरच झालं," पुसदकर म्हणाले. "मी गप्प बसलो, त्याची शिक्षा मिळू दे. पण मी इर्शादचा जीव घ्यायला निघालो नव्हतो. एवढं तू उद्या कोर्टात सांग. तू सांगितलंस तर मानतील."

"तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलं होतंत?" यामिनीने विचारलं. "लक्ष उडालं होतं. सहानुभूती दाखवा."

त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"चहा गार झाला तुमचा," ती म्हणाली. "निघा आता."

ते गेल्यावर गिरीश बाहेर आला. त्याने आतून सगळं ऐकलं होतं.

"खरं बोलले का ते?"

"हो."

"मग उद्या सांगशील?"

तिने कप उचलले आणि आत नेऊन घासायला घेतले.

*

कोर्टात गर्दी होती. मागच्या रांगेत रेहाना बसली होती, शाळेतून अर्धी रजा टाकून आली असावी. पुसदकर आरोपीच्या जागी हात बांधून उभे होते. यामिनीने प्रतिनिधी म्हणजे काय, तो कसा शिकतो, मेळ कसा चालतो हे सगळं साध्या भाषेत सांगितलं. न्यायाधीशांनी मध्येच एक-दोन शंका विचारल्या, तिने त्याही नीट सोडवल्या.

सरकारी वकील म्हणाले, "प्रतिनिधी स्वतःहून काही नवं करू शकतो का?"

"तो मालकाकडून शिकतो. जे मालकात नाही ते त्याच्यात येत नाही."

इथपर्यंत खरं होतं. इथून पुढे, युक्ती मात्र यंत्र स्वतःही शोधतं, एवढं एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं.

"म्हणजे आरोपीने हे आधी स्वतःच्या हाताने केलेलं असलंच पाहिजे?"

यामिनीने पुसदकरांकडे बघितलं. ते या वेळी सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते.

"हो," ती म्हणाली. "असलंच पाहिजे."

आरोपीच्या वकिलांनी तिला बराच वेळ खोदून विचारलं. पण शास्त्र तिला येत होतं आणि त्यांना येत नव्हतं. ती एकदाही अडखळली नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून ती सरळ उतरून आली. हो म्हणणं किती सोपं असतं, कसलाच जोर लावावा लागत नाही, एवढंच मनात आलं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. पुसदकरांना सात वर्षांची शिक्षा झाली. पोलीस त्यांना घेऊन गेले तेव्हा यामिनी व्हरांड्यात उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

गर्दी पांगल्यावर रेहाना तिच्याजवळ आली. तिच्या केसांत बऱ्याच पांढऱ्या बटा आल्या होत्या. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. गिरीश जिन्याच्या तोंडाशी थांबला होता.

"एकच विचारते," रेहाना म्हणाली. "कोर्ट काय म्हणालं ते ऐकलं मी. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. त्याने जाणूनबुजून केलं ना? कोणाचीतरी चूक झाली, मशीन बिघडलं, असं तर नाही ना? इतकी वर्षं रोज मला वाटतं, इर्शाद उगाच गेला. नुसताच, कारण नसताना."

"जाणूनबुजून केलं," यामिनी म्हणाली.

गिरीशने ते ऐकलं. तो एकटाच जिना उतरू लागला.

रेहानाने ओढणीने डोळे पुसले. मग तिने यामिनीचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला जवळ ओढलं.

"चल," ती म्हणाली, "घरी चल. किती वर्षांत माझ्याकडे जेवली नाहीस."

यामिनी तिच्याबरोबर गेली.